बिनकामाचं विमान

बहारोम साहेबांकडे कुणी कागद मागितला नव्हता, हे आधीच सांगून टाकलेलं बरं. कारण झाल्या प्रकाराबद्दल आमच्या आलोर तेराताइ गावात अजून काही लोक सरकारला नावं ठेवतात. सरकार बिचारं राजधानीत गाढ झोपलं होतं. साहेब स्वतः गेले आणि त्याला हलवून जागं केलं.

झालं असं, की शुक्रवारच्या नमाजानंतर कॉफीच्या टपरीवर साहेबांनी पेपरात एक बातमी वाचली. यापुढे ड्रोन असो की छंदाचं छोटं विमान, उडवणाऱ्याने हवाई खात्याकडे नोंद करायची. छंद असेल तर साधं प्रमाणपत्र. धंदा असेल तर परीक्षा, विमा, परवाना, आणि उरलेली बातमी आतल्या पानावर. टपरीवरच्या सगळ्यांनीच ती वाचली होती आणि पान उलटून फुटबॉलकडे गेले होते. धंद्याचे ड्रोन आम्ही बघितले नव्हते असं नाही. भाताच्या हंगामात फवारणीचे कंत्राटदार पिंपाएवढाले ड्रोन घेऊन यायचे, आणि परवाने वगैरे त्यांचं ते बघायचे. पण छंदाचं विमान म्हणाल तर गावात एकच, साहेबांचं. ते संध्याकाळी शेतांवर घटकाभर घोंघावायचं, बगळे वैतागून पलीकडच्या बांधावर जाऊन बसायचे, आणि याहून जास्त कुणाचं वाकडं त्याने केल्याचं ऐकिवात नव्हतं.

विमान साहेबांनी खांबांवर उभ्या असलेल्या आपल्या घराखालच्या मोकळ्या जागेत स्वतःच्या हातांनी बनवलेलं. हलकं लाकूड, वर कांद्याच्या सालीसारखं पातळ कापड, दाराच्या फळीएवढे पंख आणि पोटात काडेपेटीएवढा कॅमेरा. त्याला कुणी ड्रोन म्हटलं की साहेबांच्या कपाळाला आठी पडायची. ड्रोनची अक्कल ड्रोनच्या पोटात असते, ते समजावून सांगायचे, विमानाला उडवणाऱ्याची अक्कल लागते. ऐकणारा मान डोलवायचा, पटल्यासारखं करायचा आणि निघताना म्हणायचा, चांगलं आहे हो तुमचं ड्रोन.

आता एवढ्याशा खेळण्यापायी साहेब कागद काढायला का निघाले? तर साहेब नगरपालिकेत, परवाना विभागात. उभा जन्म त्यांनी एका खिडकीमागे बसून लोकांना धंदा कशाला म्हणतात ते शिकवण्यात घालवला होता. न्हावी म्हणायचा, मी फक्त दोस्तांचे केस कापतो. शिंपी म्हणायचा, मी फक्त नातेवाइकांचं शिवतो, आणि नातेवाईक निम्म्या तालुक्याएवढे. साहेबांचं उत्तर ठरलेलं होतं: "घेतलं की धंदा." पुढे बोलायची सोय नसायची.

समोरच्या मुनाह काकींना तर हे वाक्य त्यांनी घरी जाऊन ऐकवलं होतं. काकी अंगणात केळ्याची भजी तळायच्या, शेजारीपाजारी खायचे, आणि जाताना कुणी साखर, कुणी नारळ, कुणी चिल्लर ठेवून जायचं. याला काकी शेजारधर्म म्हणायच्या. साहेबांनी त्याला धंदा म्हटलं. काकींनी मुकाट्याने परवाना काढला, सोनेरी चौकटीत बसवला आणि कढईच्या वरच टांगला. ती चौकट त्यांच्या मरहूम नवऱ्याच्या फोटोपेक्षा मोठी आहे. तेव्हापासून रोज सकाळी साहेब कामाला निघाले की काकी हातातलं फडकं दाखवून विचारायच्या, परवाना नीट दिसतोय ना साहेब, की पुसून ठेवू?

असा माणूस बिनकागदाचं विमान उडवणार कसा? रोकियाहवहिनी म्हणाल्या, कुणी मागितलेला नाही तो कागद कशाला आणायचा. साहेब म्हणाले, कायदा मागायला येत नाही, आपण जायचं असतं. वहिनी नारळ किसत होत्या, त्या किसत राहिल्या. संसारात इतकी वर्षं काढल्यावर कुठे वाद घालायचा आणि कुठे नारळ किसायचा हे बाईमाणसाला कळतं.

पण एक गोष्ट साहेबांनी वहिनींनाही सांगितली नव्हती. त्यांची निवृत्ती तोंडावर आली होती. टपरीवर निवृत्त लोकांचं एक बाक आहे. त्यावर बसलेले लोक सकाळी रस्त्याकडे बघतात, दुपारी सावलीबरोबर सरकतात आणि संध्याकाळी रस्त्याकडे बघतात. त्या बाकावर नुकतीच एक जागा रिकामी झाली होती आणि साहेबांना जाता-येता वाटायचं की ती आपल्याचसाठी पुसून ठेवली आहे. विमान होतं म्हणून त्यांना त्या बाकाची भीती नव्हती. विमान धंद्यात गेलं असतं तर सरकारी नोकराला जोडधंद्याची बंदी, आणि पुढे पेन्शनीत त्या परीक्षा आणि तो विमा परवडणारा नव्हता. थोडक्यात काय, छंदाचं प्रमाणपत्र मिळालं तर विमान, नाही मिळालं तर बाक.

हवाई खात्याच्या शहरातल्या शाखेत साहेब इस्त्रीचा शर्ट घालून गेले. आयुष्यात पहिल्यांदाच ते खिडकीच्या बाहेरच्या बाजूला उभे होते आणि तिथून खिडकी फार लहान दिसते हे त्यांच्या लक्षात आलं. आतल्या तरुण कारकुनाने अर्ज पुढे सरकवला. नाव झालं, पत्ता झाला, विमानाचं वजन झालं. मग प्रश्न आला: या उड्डाणांबद्दल आपण रोख किंवा वस्तुरूपात मोबदला स्वीकारला आहे काय? कुणीही 'नाही' लिहून मोकळा झाला असता. पण लोकांचे 'नाही' वाचून भुवया उंचावण्यात ज्याची हयात गेली, त्याचा हात त्या जागी थबकला. साहेबांना अंडं आठवलं.

अंडं हाजी सब्रींच्या घरचं. हाजींच्या मुलीच्या लग्नात साहेबांनी वरून फोटो काढले होते. आमच्याकडे लग्नाला आलेला माणूस परत निघाला की त्याच्या हातात कागदी फुलात खोचलेलं उकडलेलं अंडं ठेवतात. हे अंडं नाकारणं म्हणजे नवरा-नवरीचं सुख नाकारणं. साहेबांनी विमान उतरवलं, कॅमेऱ्यातलं कार्ड काढून तसंच हाजींच्या हवाली केलं, कारण दुसऱ्याच्या घरचं मंगल आपण आधी बघू नये, आणि अंडं घेतलं. फोटो कसे आले हे हाजींनी पुढे सांगितलं नाही. साहेबांनी विचारलं नाही. विचारणं म्हणजे शाबासकी मागणं, आणि ते साहेबांना जन्मात जमलं नसतं.

"अंडं धरायचं का?" साहेबांनी खिडकीतून विचारलं.

"कसलं अंडं?"

"उकडलेलं."

कारकुनाने चहा ढवळता ढवळता हातातला चमचा खाली ठेवला. तो आत वरिष्ठांकडे गेला. परत येऊन त्याने विचारलं की अंडं सगळ्या पाहुण्यांना दिलं होतं की फक्त उडवणाऱ्याला. सगळ्यांना एकेक, साहेब म्हणाले. मग प्रामाणिकपणा त्यांना गप्प बसू देईना. ते म्हणाले, मला दोन. दुसरं कशाबद्दल, असं कारकुनाने विचारल्यावर त्यांनी हाजींनी डबा भरून दिलेल्या मसाल्याच्या मटणाचंही सांगून टाकलं. मग देरूस आजोबांची हरवलेली म्हैस विमानातून शोधली तेव्हा त्यांनी आणून सोडलेला कोंबडा. मग मुनाह काकींचा जावई रमली याच्या शेताचा बांध कुठे फुटलाय ते वरून बघून दिलं, तेव्हा आलेलं नव्या तांदळाचं पोतं.

"काका," कारकून हळू आवाजात म्हणाला, "तुम्ही नुसतं 'नाही' लिहिलं असतं ना, तर एव्हाना घरी पोचला असता."

"म्हणजे खोटं लिहायचं?"

कारकुनाने त्यांच्याकडे असं बघितलं, की तब्येत बरी आहे ना. मग त्याने अर्जावर शेरा मारला. छंद की धंदा हे ठरत नसल्यामुळे अधिकारी गावात येऊन पाहणी करतील.

ही बातमी साहेबांच्या आधी गावात पोचली. टपरीवर सल्ल्यांना तोटा नव्हता. एकाचं म्हणणं, अधिकारी यायच्या आत कोंबडा खाऊन टाका, पोटातला पुरावा कोण काढतो. दुसरा म्हणाला, उलट रीतसर धंदाच काढा, आम्ही सगळे उधारीवर येतो. हाजी सब्री मात्र दुखावले होते. त्यांच्या खानदानात आजवर कुणाचं अंडं सरकारदरबारी गेलं नव्हतं. आणि मुनाह काकी, ज्या या दिवसाची कित्येक वर्षं वाट बघत होत्या, त्या उठून घरी गेल्या. त्यांनी फक्त भिंतीवरची चौकट काढली, रस्ता ओलांडला आणि वहिनींच्या हातात दिली.

"वापरा हो," त्या म्हणाल्या. "माझा परवाना तात्पुरता सेलोटेपने चिकटवते."

साहेब ती सगळी संध्याकाळ घराबाहेर पडले नाहीत.

सकाळी त्यांना उपाय सुचला. स्वीकारलेली वस्तू परत केली तर ती स्वीकारली असं कोण म्हणेल? घेतलेलं सगळं परत करायचं आणि अधिकाऱ्याच्या डोळ्याला डोळा भिडवून 'नाही' म्हणायचं. तर्क बिनतोड होता. साहेबांनी इतकी वर्षं कागदावर माणसं बघितली होती, त्यामुळे माणसं कागदावर असतात तशीच दारात असतील असं त्यांना वाटलं.

पहिल्यांदा कोंबडा. देरूस आजोबा अंगणात जाळं विणत बसले होते. साहेबांनी कोंबडा पुढे ठेवला आणि मनात घोकलेलं वाक्य म्हटलं, की आजोबा, माझ्याकडे कुणाचं काही राहायला नको, मन मोकळं करून परत घ्या. आजोबांनी कोंबड्याकडे बघितलं, साहेबांकडे बघितलं आणि त्यांच्या डोळ्यांत पाणी आलं. ते आत गेले आणि दोन कोंबड्या घेऊन आले. एकट्या कोंबड्याला करमत नसेल, ते म्हणाले. कोंबडा त्यांनी परत घेतला नाही तो नाहीच.

मग हाजींचा डबा. साहेब तो रिकामाच घेऊन निघाले होते, पण वहिनींनी दारात अडवलं. शेजाऱ्याचं भांडं रिकामं परत करायला आपण काय भांडलोय? त्यांनी डब्यात गूळखोबऱ्याचे लाडवाएवढे गोळे भरले आणि वर दोन उकडलेली अंडी ठेवली. हाजींच्या बायकोने जिन्यावरून खाली येऊन डबा घेतला. उघडून बघितला तर भरलेला. भरलेला डबा रिकामा परत करायला त्या तरी काय भांडल्या होत्या? संध्याकाळी डबा साहेबांच्या घरी आला, आत माशाचं कालवण. दुसऱ्या दिवशी वहिनींनी त्यात खीर पाठवली. तो डबा त्या आठवड्यात इतका फिरला की कुत्री त्याच्यावर भुंकायची थांबली.

रमलीला वाटलं, तांदूळ खराब निघाला. तो शरमेने लाल झाला. त्याने ते पोतं ठेवून घेतलं, घरच्यासाठी काढून ठेवलेल्या जुन्या तांदळाची दोन पोती मोटारसायकलवर टाकली आणि साहेब घरी पोचायच्या आत त्यांच्या जिन्याखाली रचून गेला. वर चूक झाली म्हणून सुकटीची माळ. साहेब आले आणि पोत्यांकडे बघत जिन्याच्या पायरीवरच बसले. एका कोंबड्याचे तीन झाले होते आणि एका पोत्याची दोन. परत करण्यात एवढी बरकत असते हे त्यांना खिडकीमागे कुणी सांगितलं नव्हतं.

आणि खरा घोटाळा तर अजून पुढेच होता. नीट कपडे घातलेला एक म्हातारपणाकडे झुकलेला माणूस दारोदार फिरतोय, घेतलेल्या वस्तू परत करतोय आणि म्हणतोय की माझ्याकडे कुणाचं काही राहायला नको, मन मोकळं करा. आमच्या मुलखात याचा अर्थ एकच होतो. हजला निघणारा माणूस असा देणंघेणं मिटवत, माफी मागत घरोघर फिरतो. नंबर लागायला लोकांना वर्षानुवर्षं थांबावं लागतं. गाव म्हणालं, बहारोम साहेबांचा नंबर लागला, आणि बघा, किती साधा माणूस, कुणाला बोलला नाही.

मग काय विचारता. हजला जाणाऱ्याला रिकाम्या हाताने निरोप देत नाहीत. तिकडचं जेवण रुचणार नाही म्हणून कुणी सुकं मटण तळून आणलं, कुणी तिखटातली सुकट, कुणी लोणचं. कुणी आपल्या आजारी आईसाठी दुआ मागायला सांगितली, कुणी मुलाच्या नोकरीसाठी. साहेब प्रत्येकाला सांगत होते की मी कुठेही जात नाही. लोक एकमेकांकडे बघून माना हलवायचे, की पाहा, विनय पाहा. केळ्यांचे घड लटकवायला खुंट्या संपल्या.

आणि अशा ऐन गर्दीत, शनिवारी सकाळी, हवाई खात्याची गाडी दारात उभी राहिली.

गाडीतून उतरल्या त्या हझवानी नावाच्या एक तरुण बाई, डोक्याला नीट बांधलेला रुमाल, हातात सरकारी टॅबलेट. त्यांनी अंगणावर नजर फिरवली. कोंबड्या, पोती, घड, सुकटीच्या माळा, बरण्या, आणि या सगळ्याच्या मधोमध तेवढंच चकचकीत पुसून ठेवलेलं विमान.

"इथे बाजार भरतो का?" त्यांनी विचारलं.

साहेबांची पाचावर धारण बसली. अधिकारी हवाई खात्याच्या आहेत, हजच्या नाहीत, हे लोकांना समजायला थोडा वेळ लागला. सर्वात आधी समजलं ते मुनाह काकींना. त्या हाजींच्या कानाशी काहीतरी बोलल्या आणि हाजी वहाणा पायात अडकवून लगबगीने घराकडे गेले. बाईंनी विमान उचलून बघितलं, कॅमेरा बघितला, वजन बघितलं. छान बांधलंय, त्या म्हणाल्या, आणि साहेबांचा चेहरा क्षणभर उजळला. मग बाईंनी अंगणाकडे हात केला.

"आणि हे सगळं कशाबद्दल, काका?"

साहेबांनी तोंड उघडलं. ते खरं बोलणार होते, याबद्दल गावातल्या एकाही माणसाला शंका नव्हती. म्हणूनच काकी मधे पडल्या.

"विमानाबद्दल की काय, असं विचारतेस पोरी? त्या विमानाबद्दल कोण देईल? हा शेजारधर्म आहे. विमानाचा आम्हाला काडीचा उपयोग नाही." मग त्या जावयाकडे वळल्या. "सांग रे बांधाचं."

रमलीने घसा खाकरला. साहेबांनी फोटोत बांधाला भगदाड दाखवलं, म्हणून आपण त्या जागी दोन दिवस खणत बसलो, पण भगदाड कुठलं, तो कॅमेऱ्याच्या काचेवरचा डाग होता. बांध फुटला होता दुसरीकडेच. साहेब ताडकन म्हणाले की डाग शक्यच नाही, काच आपण रोज मऊ कापडाने पुसतो. वहिनींनी मागून त्यांच्या शर्टाचं टोक ओढलं. साहेब थांबले. भगदाड खरं ठरलं तर विमान उपयोगाचं, विमान उपयोगाचं तर पोतं मोबदला, आणि पोतं मोबदला तर पुढे ते बाक. त्यांनी तोंड मिटलं.

देरूस आजोबांची पाळी आली. म्हैस सापडली होती हे खरं, ते म्हणाले, पण ती मुळात सुराऊच्या, आमच्या छोट्या नमाजघराच्या, मागे स्वस्थ उभी होती. विमान बघून बुजली आणि जी पळाली ती थेट शेजारच्या गावात, तिथून तीन दिवसांनी आपली आपण आली. कोंबडा म्हणाल तर तो अवेळी आरवायचा, तो कुणाच्या तरी गळ्यात घालायचाच होता. साहेबांची मान खाली गेली. कोंबडा अवेळी आरवतो हे मात्र त्यांना मान्य करावं लागलं.

तेवढ्यात हाजी अल्बम घेऊन धापा टाकत आले. बाईंनी पानं उलटली. पहिल्या फोटोत नारळाचे शेंडे. दुसऱ्यात नारळाचे शेंडे आणि मांडवाचं छत. तिसऱ्यात एक छत्री, जिच्याखाली नवरा असावा असा अंदाज. चौथ्यात साहेबांचा स्वतःचा अंगठा.

"माझा जावई विचारतो," हाजी दुःखाने म्हणाले, "की लग्न आपलंच होतं ना."

साहेबांनी अल्बमकडे एकदा बघितलं आणि मग बघवेना. हे फोटो त्यांनी कधी पाहिलेच नव्हते. आयुष्यभर या माणसाने कुणाकडे शाबासकी मागितली नव्हती, पण मनाच्या एका कोपऱ्यात तो धरून चालला होता की हाजींच्या घरी ते फोटो असतील, कुणी आलं-गेलं तर दाखवत असतील. त्यांना खूप वाईट वाटलं. विमान जप्त झालं असतं तर वाटलं असतं त्याहून जास्त वाईट वाटलं.

"काका, हे लोक म्हणतात ते खरं आहे?" बाईंनी विचारलं. आवाज मऊ होता.

"बाई," साहेब म्हणाले, "विमान वर गेलं की मला बरं वाटतं. म्हणून उडवतो. बाकी फोटो तुम्ही बघितलेच."

बाईंनी टॅबलेटवर काहीतरी लिहिलं, बराच वेळ लिहिलं. तोवर वहिनींनी त्यांच्यापुढे चहा, खीर आणि कालवणभात आणून ठेवला होता, आणि गाडीशी पोचेपर्यंत त्यांच्या हातात केळ्यांचा घड, सुक्या मटणाची बरणी आणि फुलात खोचलेलं अंडं आलं होतं. मला ड्युटीवर काही घेता येत नाही, त्या पुन्हा पुन्हा सांगत होत्या. मुनाह काकींनी त्यांच्या पाठीवरून हात फिरवला.

"अगं, घे निवांत. तुझाही आम्हाला काही उपयोग झालेला नाही. हा मोबदला नव्हे."

बाईंना यावर नियम सापडेना. सरकारी गाडी गेली तेव्हा मागच्या सीटवर देरूस आजोबांची एक कोंबडी होती. ती साहेबांना स्वच्छ दिसली. पण परवाना विभागातल्या आपल्या सबंध कारकिर्दीत पहिल्यांदाच त्यांनी मान फिरवली आणि नारळाच्या झाडाकडे बघत राहिले.

महिना उलटायच्या आत प्रमाणपत्र आलं. वर मोठ्या अक्षरांत 'छंद', आणि खाली शेऱ्याच्या रकान्यात: 'व्यावसायिक उपयुक्तता आढळून आली नाही. ग्रामस्थांचे याबाबत एकमत आहे.' मुनाह काकी आल्या, त्यांनी तो शेरा दोनदा मोठ्याने वाचून घेतला आणि सोनेरी चौकट साहेबांना कायमची देऊन टाकली. ती विमानाच्या वरच टांगलेली आहे. विमान उडवायला आता कसलीच आडकाठी नव्हती. तरी साहेबांनी ते पंधरा दिवस हातात घेतलं नाही. एकदा तर ते टपरीवरच्या त्या बाकावर जाऊन, अगदी कडेला, बसूनही आले. त्या दिवशी वहिनींनी भाजीत मीठ जास्त टाकलं.

"खरंच का गं फोटो एवढे वाईट आले होते?" त्यांनी जेवताना विचारलं.

"हाजींचा डबा राहिलाय आपल्याकडे," वहिनी म्हणाल्या. "तुम्हीच देऊन या. आणि खालून देऊ नका, वर जा. कधी जात नाही तुम्ही कुणाच्या घरात."

साहेब डबा घेऊन गेले. हाजी जिन्यावरच आडवे आले, इथूनच द्या, घरात पसारा आहे, असं म्हणायला लागले, पण साहेब बायकोने सांगितलेलं काम अर्धवट करणारे नव्हते. ते वर गेले आणि बैठकीच्या खोलीत समोरच्या भिंतीकडे बघून उभे राहिले.

भिंतीभर एक फोटो होता. सोनेरी चौकट, मुनाह काकींच्या परवान्याहून चांगली चौपट. वरून काढलेलं सबंध लग्न. रंगीत कपड्यांची गर्दी चारी बाजूंनी जमलेली, कढयांमधून वर येणारा धूर, मांडवाबाहेर कुणी लहान मूल आभाळाकडे बोट दाखवतंय, आणि अगदी मधोमध नवरा-नवरी, दोघेही मान वर करून हसताहेत. छत्री बाजूला झालेली. एकही नारळाचा शेंडा आड आलेला नाही. फ्रेमखाली छोट्या फळीवर ताजी फुलं ठेवलेली होती.

"कॅलेंडर आहे ते," हाजी घाईघाईने म्हणाले.

साहेब जवळ गेले, फोटोवर एक माशी बसली होती ती त्यांनी हाताने उडवली, आणि पुन्हा दोन पावलं मागे आले.

"छान आहे कॅलेंडर," ते म्हणाले. "कुणी दिलं?"

"एक बिनकामाचा माणूस आहे गावात," हाजी म्हणाले. "त्याने."

साहेबांनी मान हलवली. हाजींच्या बायकोने डबा रिकामा करून, भरून, त्यांच्या हातात परत दिला. तो चांगलाच जड लागत होता. आत काय आहे ते त्यांनी विचारलं नाही. ऊन उतरलं होतं, शेतांवर वारा पडला होता, उडवायला याहून चांगली वेळ नसते, आणि डबा धरून साहेब घराकडे जरा भरभर चालू लागले.